बैठक, टाच आणि कंबर

‘कंबर दुखते ना, मग बैठका सोडून द्या,’ हा उपदेश आपल्याकडे घरोघर ऐकू येतो; आणि तो इतक्या अधिकारवाणीने केला जातो की, तो प्रथम कोणी व कोणत्या कारणाने केला, ह्याची विचारपूस करण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दुसऱ्या बाजूस, शहरातील व्यायामशाळेत मानेमागे लोखंडी दांडा घेऊन खाली बसणारा व वर उठणारा जो तरुण आपण पाहतो, त्यालाही तो दांडा तेथे केव्हा व कसा जाऊन बसला हे बहुधा ठाऊक नसते. वास्तविक ह्या साध्या दिसणाऱ्या व्यायामाला बराच लांबचा इतिहास आहे; आणि तो नीट तपासला म्हणजे असे दिसून येते की, बैठकेचा भार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शरीराच्या एका सांध्यावरून दुसऱ्यावर सरकत सरकत शेवटी कमरेवर येऊन ठेपला आहे. तो कसा सरकला हे कळले, तर दुखऱ्या कमरेच्या माणसाने तो पुन्हा कसा हलवावा, हेही कळण्याजोगे आहे.

वजन घेऊन श्रम करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे एक प्रकरण आहे. मल्लांनी करावयाचे जे निरनिराळे श्रम त्यात सांगितले आहेत, त्यांत भारश्रम हा एक असून भ्रमणश्रम, सलिलश्रम व स्तंभश्रम हे त्याचे सोबती आहेत. चालणे, पोहणे आणि खांबावरची मेहनत ह्यांच्या पंगतीस वजनाला एक पाट मांडलेला आहे. सारी पंगत त्याला दिलेली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे महाराष्ट्रात तालमींचा संप्रदाय वाढला. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या ऊर्जितावस्थेस आणली. बडोद्यास जुम्मादादा व त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव ह्यांची परंपरा उभी राहिली. माणिकराव हे व्यायामाचे आचार्य असून हाडे बसविण्याच्या कामातही निष्णात होते, म्हणजे अंग कसे घडते व कसे मोडते ह्या दोहोंचे ज्ञान एकाच पुरुषाच्या ठायी होते. त्याच बडोद्याहून द. चिं. मुजुमदार ह्यांनी मराठीत अनेक खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले, अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. ह्या सर्व ठिकाणी मेहनतीचा पाया एकच, जोर आणि बैठका.

ही देशी बैठक कशी असते, हे येथे थोडे बारकाईने सांगितले पाहिजे. कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. पाय थोडे अंतरावर ठेवावयाचे, छाती पुढे, नजर समोर. खाली जाताना टाचा आपोआप उचलल्या जातात, अंगाचा तोल चवड्यांवर येतो, गुडघे पायाच्या बोटांपुढे चांगले वीतभर जातात आणि हात झोका घेतात. वर येताना टाचा पुन्हा टेकतात. ह्या साऱ्या हालचालीत पाठ जवळजवळ उभीच राहते. मांडी आणि पोटरी भरून येतात, गुडघ्याला काम पडते, कमरेला मात्र फारसा त्रास पोचत नाही. वजन शून्य आणि संख्या मोठी, असा तिचा हिशोब असे. (हीच बैठक कान धरून केली म्हणजे ती उठाबशी होते. तमिळ मुलखात गणपतीपुढे कान धरून बैठका घालण्याची चाल भक्तीची म्हणून चालू आहे. आपल्या शाळांतून तिची शिक्षा झाली, आणि एका उत्तम व्यायामाविषयी कित्येक मुलांच्या मनात जन्माचा तिटकारा उत्पन्न झाला. असो.)

संख्या पुरेनाशी झाली म्हणजे मल्ल वजन घेत. सोबतीच्या गड्याला खांद्यावर बसवून बैठका घालण्याची रीत तालमीतून सर्वांना परिचित आहे. दुसरी रीत गळ्यात दगडी कडे घालण्याची. १९१० साली लंडनला जाऊन कीर्ती मिळविणारा व १९२८ साली पतियाळा येथे झिबिस्कोला काही क्षणांतच चीत करणारा जो गामा पहिलवान, त्याने बैठकांसाठी वापरलेले सुमारे ९५ किलो वजनाचे एक कडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. त्याच्या बैठकांचे आकडे लोक हजारांनी सांगतात. ते खरे मानावेत की न मानावेत, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. मला त्या कड्याचा आकार अधिक महत्त्वाचा वाटतो. ते मानेभोवती बसते, म्हणजे वजन काही पुढे, काही मागे, काही बाजूंना असे वाटले जाते आणि मल्लाला तोल सांभाळण्यासाठी कमरेतून पुढे वाकावे लागत नाही. हे कोणी गणित मांडून केले असेल असे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगमेहनतीतून सुचलेली ती सोय होय.

आता युरोपकडे वळू. जर्मनीत एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक व्यायामाची मोठी चळवळ झाली. त्या व्यायामशाळांत गुडघे वाकविण्याचा जो प्रकार शिकवीत, त्यालाही ‘क्नीबॉयगे’ म्हणजे गुडघेवाक हेच नाव होते, आणि तोही टाचा उचलून, चवड्यांवर, ताठ पाठीने करीत. म्हणजे पूर्वेकडे काय व पश्चिमेकडे काय, आरंभीची बैठक टाच उचललेली आणि पाठ उभी अशीच होती. यूजेन सँडो हा प्रख्यात बलवान १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेला, त्याचाही मुख्य भर हलक्या डंबेल्सवर होता. त्याच्या पद्धतीचा अभ्यास औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी काही वर्षे केला व पुढे ते सूर्यनमस्काराचे कट्टे पुरस्कर्ते झाले. मध्यमवर्गीय घरांतून वजन बाहेर गेले व नमस्कार आत आला, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते.

टाच जमिनीला घट्ट टेकविणारा पुरुष म्हणून मिलो स्टाइनबॉर्न ह्याचे नाव घेतात. हा जर्मन मल्ल पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात स्थानबद्ध होता आणि १९२१ साली अमेरिकेत आला. त्याची वजन घेण्याची तऱ्हा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा आणणारी होती. जड दांडा एका टोकावर उभा करावयाचा, त्याला खांदा लावून खाली बसत बसत तो मानेमागे आडवा करून घ्यावयाचा, तोल साधला की तेवढ्यासह उठावयाचे, आणि शेवटी त्याच मार्गाने तो पुन्हा खाली उतरवावयाचा. अशा रीतीने सुमारे २५० किलो घेऊन तो उठला, असे सांगतात. ह्या प्रकारात कंबर एका बाजूला वाकते आणि पिळवटते; ज्याची कंबर जातीचीच वज्रासारखी, त्यानेच ते करावे. पुढे उभ्या खांबांवर दांडा टेकवून ठेवण्याची सोय झाली. त्यामुळे तो मानेमागे घेण्यासाठी कसरत करण्याची गरज उरली नाही, आणि कोणालाही वाटेल तेवढे वजन मानेमागे घेता येऊ लागले. ही सोय चांगली की वाईट? दोन्ही. स्टाइनबॉर्नच्या पद्धतीत जे वजन स्वतःच्या बळाने खांद्यावर चढत नसे, ते घेऊन बसण्याचा प्रश्नच येत नसे. खांब आले आणि तो पहारेकरी गेला.

येथवर गोष्ट समजण्यास सोपी आहे. टाच जमिनीला टेकलेली आणि वजन मानेमागे, अशा स्थितीत खाली बसावयाचे तर तोल पावलाच्या मध्यावर राहण्यासाठी धड पुढे झुकलेच पाहिजे. गुडघे पुढे जाऊ दिले तर ते थोडे झुकते, अडविले तर पुष्कळ झुकते. आणि गुडघे अडविण्याची लाट १९६१ नंतर आली.

त्या साली टेक्सास विद्यापीठातील कार्ल क्लाइन ह्या अध्यापकाने आपले संशोधन प्रसिद्ध केले. गुडघ्याचे बंध किती सैल आहेत हे मोजण्याचे एक यंत्र त्याने तयार केले होते. खोल बैठकांनी हे बंध ताणले जाऊन सैल होतात, सबब मांडी जमिनीला समांतर झाली की थांबावे, असा त्याचा निष्कर्ष होता. नंतरच्या परीक्षकांना तो पडताळून पाहता आला नाही. परंतु भीती ही संशोधनापेक्षा वेगाने प्रवास करते. अमेरिकेतील शाळा, खेळांचे संघ व लष्करी शिक्षण ह्यांतून खोल बैठकेवर गदा आली. ‘गुडघा पायाच्या बोटांपुढे जाता कामा नये’ हा जो नियम आज आपल्याही व्यायामशाळांतून शिकविला जातो, त्याला ह्याच भीतीने बळ दिले.

ह्या नियमाने गुडघा वाचला का? मेंफिस विद्यापीठातील अँड्र्यू फ्राय व त्याचे सहकारी ह्यांनी २००३ साली ह्याचा सरळ प्रयोग केला. वजनाची सवय असलेल्या सात पुरुषांना त्यांनी दोन तऱ्हांनी बैठका घालावयास लावल्या. एकदा गुडघे मोकळे सोडून आणि एकदा गुडघ्यांपुढे फळी उभी करून. फळी असताना गुडघ्यावरील पीळ सुमारे १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला, म्हणजे पावपट कमी झाला. पण नितंबाच्या सांध्यावरील पीळ सुमारे २८ वरून एकदम ३०३ वर गेला! धड पुढे झुकले, आणि गुडघ्याने टाकलेले ओझे दसपटीहून अधिक होऊन मागे गेले. नितंबाचा सांधा मोठा बळकट, तो ते सोसतो. परंतु त्याच्या लगत वरच्या बाजूस कंबर आहे आणि झुकलेले धड तोलून धरण्याचे काम तिचे आहे. गुडघ्याच्या रक्षणासाठी काढलेला फतवा अशा रीतीने कमरेच्या मुळावर आला. ज्याची कंबर आधीच अधू आहे, त्याला तर हा नियम म्हणजे आगीतून फुफाट्यात.

कमरेवर असे ओझे पडले म्हणजे आत काय होते, ह्याचा इतिहास निराळ्या गावी घडला. बोस्टन येथील मिक्स्टर व बार ह्या दोन शस्त्रवैद्यांनी १९३४ साली असे दाखवून दिले की, दोन मणक्यांमधील गादीचा भाग बाहेर येऊन मज्जारज्जूपासून निघणाऱ्या मुळांवर दाब पडतो आणि पायात उतरणारी ती जीवघेणी कळ पुष्कळदा त्यामुळे उत्पन्न होते. आपल्याकडे ‘गादी सरकली’ म्हणतात. शब्दशः ती सरकत नाही, फुगते किंवा फाटून आतील गर बाहेर येतो. त्यानंतर स्वीडनमधील आल्फ नाखेमसन ह्याने १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून तेथील दाब मोजण्याचे धाडस केले. १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के व त्याच्या सहकाऱ्यांनी अधिक सूक्ष्म उपकरणाने एका ४५ वर्षांच्या निरोगी स्वयंसेवकावर तेच केले. एकाच माणसाची ती मापे आहेत, तेव्हा ती वेदवाक्य मानण्याचे कारण नाही. तरीपण ती बोलकी आहेत. निजलेल्या स्थितीत दाब ०·१ मेगापास्कल, उभे राहिले असता ०·५. वीस किलोचे ओझे पाठ गोल करून उचलले तर २·३. गुडघे वाकवून उचलले तर १·७. आणि तेच ओझे अंगाशी कवटाळून धरले तर १·१. ओझे तेच, माणूस तोच, दाब मात्र निम्म्याहून कमी.

ह्यामागील गणित शाळेतल्या तरफेचे आहे. पाठीच्या कण्याला सावरणारे स्नायू कण्याच्या मागे सुमारे पाच सेंटिमीटरवर ओढ लावतात. वीस किलोचे ओझे कण्यापासून पन्नास सेंटिमीटर पुढे धरले, तर ते तोलण्यास ह्या स्नायूंना दसपट, म्हणजे दोनशे किलोंची ओढ लावावी लागते, आणि ती सारी गादीवर दाबली जाते. पंधरा सेंटिमीटरवर आणले तर साठ किलो पुरतात. झुकलेल्या धडाचे स्वतःचे वजन ह्यात अजून धरलेलेच नाही. धड उभे आणि ओझे जवळ, ही दोनच कलमे सांभाळली तरी कमरेचा बराचसा कर माफ होतो.

मात्र ह्याच संशोधनांतून दुसरी एक भीती जन्मास आली, आणि ती माझ्या मते गुडघ्याच्या भीतीपेक्षाही अधिक घातक ठरली. गादी नाजूक, ती एकदा बिघडली की बिघडली, आता जन्मभर सांभाळून राहावयाचे, असा समज पसरला. कंबर दुखली की आठवडे आठवडे अंथरुण धरावयाचे. अमेरिकेत १९८६ साली डेयो व त्याच्या सहकाऱ्यांनी २०३ रोग्यांवर ह्याची परीक्षा घेतली. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले आणि कामावरील त्यांच्या रजा ४५ टक्क्यांनी कमी पडल्या. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांची चुंबकीय छायाचित्रे काढली. त्यांतील निम्म्याहून अधिकांच्या निदान एका गादीला फुगवटा आढळला! हातात छायाचित्र घेऊन जो गृहस्थ ‘माझ्या दोन गाद्या गेल्या’ असे सांगत हिंडतो, त्याला हा आकडा सांगण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी जे मार्गदर्शन केले, त्यात योजनापूर्वक व्यायामाची शिफारस असून कमरपट्ट्यांची नाही.

श्रोतेहो, व्यायाम सोडण्याचा खरा तोटा लगेच दिसत नाही. पासष्टीचा माणूस बैठका सोडतो, मग पाटावर बसणे सोडतो, मग खुर्चीच्या हातांना धरून उठू लागतो, आणि एके दिवशी घरातील कोणी हात दिल्यावाचून त्याला उठता येत नाही. कंबर जपली, पण मांड्या गेल्या; आणि मांड्या गेल्यावर खालची वस्तू उचलावयाची ती कमरेतूनच वाकून उचलावी लागते, म्हणजे जपलेली कंबरही जातेच. म्हणून दुखऱ्या कमरेच्या माणसाने बैठक सोडू नये. तिचे वजन, तिची खोली, तिची वेळ ही बदलावीत.

प्रथम वैद्याकडे कोणी जावे, हे स्पष्ट सांगतो. पायातील शक्ती कमी होत असेल, मांड्यांच्या आतील बाजूस बधिरपणा आला असेल, लघवी वा शौचावरील ताबा गेला असेल, दुखण्यासोबत ताप असेल वा वजन उतरत असेल, रात्री निजल्यावरही वेदना थांबत नसेल, किंवा वयस्क माणसाला पडल्यानंतर दुखणे लागले असेल, तर हे भाषण त्याच्यासाठी नाही. त्याने विनाविलंब डॉक्टरांस गाठावे.

बाकीच्यांनी पहिली गोष्ट करावी ती ही की, वजन मानेमागून काढून पुढे, छातीशी आणावे. एखादे डंबेल दोन्ही हातांनी उभे धरून उराशी घ्यावे. घरी पाच लिटर पाण्याचा डबा म्हणजे बरोबर पाच किलो होतात. वजन पुढे आले म्हणजे मागे बसताना तेच तोल सांभाळते आणि धडाला झुकावे लागत नाही. शिवाय ते हातांनी पेलावयाचे असल्यामुळे आपल्या ऐपतीबाहेर जात नाही. स्टाइनबॉर्नच्या काळचा तो पहारेकरी असा परत येतो. दुसरी गोष्ट टाचेची. टाचेखाली बोटभर जाडीची फळी ठेवावी आणि गुडघे बोटांपुढे जात असतील तर जाऊ द्यावेत. आपल्या पूर्वजांच्या बैठकेकडे अर्धे पाऊल परत जाण्याचा हा मार्ग होय. गुडघाही दुखत असेल तर अर्थातच मधला मार्ग शोधावा लागेल, आणि तो जाणत्या शिक्षकाच्या डोळ्यांदेखत शोधावा.

किती खाली जावे, ह्याचे उत्तर आरशासमोर बाजूने उभे राहून मिळते. खाली जाताना एका ठिकाणी माकडहाड खालून पुढे वळते, कमरेची आतली कमान नाहीशी होते आणि पाठ गोल होते. त्याच्या चार बोटे आधी थांबावे. तेवढ्या उंचीची खुर्ची किंवा चौरंग मागे ठेवला म्हणजे रोज तपासावे लागत नाही. ह्या बाबतीत पॉल अँडरसनची एक गोष्ट सांगतात. जॉर्जियातील टोकोआ गावचा हा दांडगा पुरुष १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाचा मानकरी झाला. तो आपल्या अंगणात खड्डा खणून त्यात उभा राही; दांडा वर जमिनीच्या पातळीवर टेकलेला असल्यामुळे त्याला खांद्यावरचे वजन थोडेसेच उचलावे लागे. मग तो खड्ड्यात थोडी थोडी माती टाकीत जाई. माती जसजशी वर येई, तसतसे त्याला अधिक वाकून तेच वजन उचलावे लागे. जगातला अतिबलिष्ठ माणूस जर खोली वाढविण्यासाठी मातीच्या थरांची वाट पाहत होता, तर आपण चौरंगाची उंची महिन्यातून एकदा इंचभर कमी केली तरी घाई झाली असे होत नाही.

वजन किती वाढवावे, ह्याचा नियम एका लष्करी डॉक्टरने घालून दिला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या एका लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म हा जखमी सैनिकांचे अशक्त झालेले पाय पाहत होता. त्या वेळी अशा रोग्यांना हलक्या हालचाली अनंत वेळा करावयास लावीत. डीलॉर्मने उलट, थोड्या वेळा पण क्रमाक्रमाने वाढत जाणारे वजन दिले आणि १९४५ साली आपले अनुभव छापले. आरंभी तो दहा दहा आवर्तनांच्या सात ते दहा फेऱ्या देत असे. पुढे तीनच पुरतात असे त्याला आढळले. जे वजन दहा वेळा नीट उचलता येते, त्याच्या निम्म्याने पहिली फेरी, पाऊण वजनाने दुसरी आणि पूर्ण वजनाने तिसरी. दुखऱ्या कमरेसाठी मी त्यात एवढीच दुरुस्ती सुचवीन की, तिसरी फेरी पहिले काही आठवडे करूच नये. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. दुखणे मांडीत किंवा पोटरीत उतरू लागले, अथवा दुसऱ्या दिवशीही वाढलेलेच राहिले, तर मागच्या वजनावर परत यावे. उठताना श्वास सोडावा. दम कोंडून मोठे वजन पायांनी ढकलताना रक्तदाब क्षणभर किती भयंकर चढतो, ते १९८५ साली धमनीत नळी घालून मोजलेले आहे. एका तगड्या व्यायामपटूचा वरचा आकडा ४८० च्या पलीकडे गेला होता. उतारवयात हे साहस नको.

राहता राहिली वेळ. आपल्याकडे व्यायाम ब्राह्ममुहूर्ताचा. तालमीतला गडी पहाटे अंथरुणातून उठून सरळ हौद्यात उतरतो, नमस्कार घालणारा सूर्याबरोबर उठतो. येथे मात्र परंपरेला जरा बाजूस सरावे लागेल. रात्रभर निजल्यावर मणक्यांमधील गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा दीड-दोन सेंटिमीटर उंच भरतो तो ह्यामुळेच. ॲडम्स, डोलन व हटन ह्यांनी १९८७ साली दाखविले की, सकाळी पुढे वाकले असता गादीवर पडणारा ताण दिवसाच्या उत्तरार्धापेक्षा सुमारे ३०० टक्क्यांनी अधिक असतो. स्नूक ह्याने १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या लोकांना एवढेच सांगितले की, उठल्यावर सकाळच्या प्रहरी कमरेतून वाकू नका. तेवढ्यानेच त्यांच्या दुखण्याचे दिवस कमी झाले. तेव्हा दुखऱ्या कमरेच्या माणसाने वजनाची बैठक संध्याकाळी घालावी, निदान उठल्यानंतर तास-दीड तास फिरून, चहा घेऊन, वर्तमानपत्र वाचून झाल्यावर घालावी. सूर्यनमस्कारांतील हात जमिनीला टेकविण्याचा भागही त्याने तोवर थांबवून ठेवावा. सूर्य काही लगेच मावळत नाही.